लमारच्या हॉटेलातला माईक

मी माईक बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतंय.

माझी पहिली अकरा वर्षं अलाबामातल्या एका चर्चमध्ये गेली. पाप करू नका, एवढंच तिथे ऐकलं. मग चर्चने नवा माईक आणला आणि मला वर्लीन टिडवेलने नेलं. ती समुद्राकाठी लमारच्या हॉटेलात कंट्री गाणी गायची. पापं नेमकी कशी करतात, हे मला तिथे पहिल्याच संध्याकाळी सविस्तर कळलं.

समोर तळलेली कोळंबी खाणारे लोक, मध्ये नाचायला लाकडी फरशी. वर्लीनच्या गाण्यांत नवरा नेहमी सोडून जायचा. तिचा स्वतःचा नवरा डॉइल बावीस वर्षं तिच्या मागे बसून त्याच गाण्यांना गिटारची साथ करत होता. कुठेही गेला नाही.

गेल्या मार्चमध्ये तिच्या घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने अवाक्षर बोलायचं नाही. ती पाटीवर लिहायची, डॉइल चष्मा विसरायचा. संसार चालला होता.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी ती पुन्हा उभी राहिली. पहिली ओळ निभावली. दुसरीला आवाज फाटला. परत सुरुवात केली, परत फाटला. नाचणारे थांबले. आतल्या कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

“संपलं माझं,” ती पुटपुटली. माझ्याजवळ पुटपुटलेलं सगळ्यांना ऐकू जातं, हे ती विसरली.

पुढच्या टेबलावर ओलीथा होती. तिची स्वतःची कोळंबीची होडी आहे, आणि तिच्या आवाजाला माईक लागत नाही.

“सूर गेला ना? मग नुसतं सांग की! तो त्या बाईला सोडून गेला, पुढे काय?”

“बावीस वर्षं ऐकतेयस ना गं!”

“ऐकतेय कुठे? नाचत होते मी!”

डॉइलने एक लांब सूर धरला. वर्लीनने गाणं सांगायला घेतलं, खरखरीत आवाजात, शेजारणीला सांगावं तसं. त्या गाण्यातली बाई शेवटी दोन ताटं वाढते आणि एकटीच जेवते. इतकी वर्षं ती ओळ शिट्ट्यांत बुडून जायची. त्या दिवशी लमार थाळी हातात घेऊन उभाच राहिला. तळलेली कालवं निवली. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

नंतर नाक शिंकरत लमार म्हणाला, “छान झालं गं. पण अशाने नाचणार कोण?”

“कुणी नाही. खुर्च्या वाढव.”

त्याने बारा वाढवल्या.

आता माझी जाळी चेपलीय, मानेला डॉइलने चिकटपट्टी गुंडाळलीय. या हिवाळ्यात वर्लीनचा आवाज आणखी बसला. ऐकू जावं म्हणून ती इतकी जवळ येते, की तिच्या ओठांची लाली माझ्या जाळीवर उतरते. कार्यक्रम संपला की लमार ओलं फडकं घेऊन मला पुसतो. माणूस टापटिपीचा आहे, मी त्याला दोष देत नाही.

पण राहू दे म्हणून कुणी त्याला सांगाल का? मला सांगता येत नाही. माझं बटण त्याने आधीच बंद केलेलं असतं.