नकाशावरची एकच स्मशानभूमी

नसरीन भोरहून सकाळच्या एसटीनं निघाली ती थकूनच. महिन्यातलं हे अकरावं गाव. गावाचा विकास आराखडा करायचा, त्यासाठी गावकऱ्यांनीच ऑनलाइन नकाशावर विहीर, शाळा, गायरान बोट ठेवून दाखवायचं आणि तिनं ते नोंदवायचं, असं तिचं काम. वेल्ह्याकडच्या या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटल्यासारखी होतील.

चावडीत पडद्यावर नकाशा लागला. ओढ्याकाठचा तुकडा कोरा दिसला, तसे सरपंच कुमार म्हणाले, "हितं पर्यटकांचे तंबू दाखवा मॅडम. पडीकच हाय."

"पडीक कसली? आमची माणसं जाळतो आमी तितं," मागून आवाज आला. दलित वस्तीतला सोनबा गवंडी. गावाच्या स्मशानशेडचा चौथरा त्यानंच बांधला होता, पण त्याच्या वस्तीतल्या मढ्याला त्या चौथऱ्यावर कधी जागा मिळाली नव्हती.

नसरीनला उलट बरं वाटलं. नकाशातली चूक सापडली होती. "मग तिथं दुसरी स्मशानभूमी नोंदवते. नोंद झाली की जागा कुणाला घेता यायची नाही."

"नगं ताई," सोनबा म्हणाला. "आज तुमी येगळी नोंदवली की उद्या सरकारच म्हणंल, तुमची येगळीच हाय. नातवंडांनाबी तितंच जावं लागंल. शेडची एकच ठिवा. खाली लिवा, सगळ्या गावाची."

आपण भलं करायला निघालो आणि विटाळच पक्का करत होतो, या विचारानं नसरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुमारांनी मात्र मनाशी हिशेब केला. लिहायला काय जातंय? तंबूंची जागाही मोकळी होते. "लिवा की, आमी कुठं न्हाई म्हणतोय?" त्यांनी हात वर केला, पाठोपाठ सगळ्यांनी केले.

दोन महिन्यांनी सोनबाची आई, सखूबाई, वारली. नसरीनला कळलं तशी ती धावत आली. तिरडी शेडच्या फाटकासमोर जमिनीवर होती आणि फाटकाला कुलूप होतं. ओढ्याकाठी तंबूवाल्यानं तारेचं कुंपण घातलं होतं.

"आजच्या दिवस कुंपण उघडून देतो, तितं उरका," कुमार म्हणत होते.

नसरीननं मोबाईलवरचा नकाशा त्यांच्यासमोर धरला. "सगळ्या गावाची, असं लिहिलंय. पहिला हात तुमचाच होता."

"लिवलेलं येगळं मॅडम, रीत येगळी."

तिला फार दमल्यासारखं झालं. त्या महिन्यातल्या अकरा गावांत असे किती हात वर झाले असतील, कुणास ठाऊक.

सोनबा तिरडीपाशी मांडी घालून बसला. "आमी बसतो. किल्ली आणा. आईला आता कसलीच घाई न्हाई."

शेवटची एसटी चुकणार हे नसरीनला माहीत होतं. ती त्याच्या शेजारी बसली.

दिवस कलला. किल्ली कुमारांच्या खिशात आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यांना कुणीही "द्या" म्हणत नव्हतं.