निदान जुळलं

मी दातांच्या दवाखान्यातला एक साधा कागद आहे. तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासायला प्रयोगशाळेत पाठवतात, तेव्हा बाटलीसोबत मी जातो. जखम पाहून डॉक्टरांना काय वाटलं, ते माझ्यावर लिहिलेलं असतं.

माझ्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. जिभेच्या कडेला पांढरट, खरबरीत चट्टा होता. डॉक्टरांनी तो बोटाने चाचपला, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्यावर त्यांनी लिहिलं, ‘कर्करोगाची दाट शंका’. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार, म्हणून माझी छाती फुगली.

चार दिवसांनी माझ्यासोबत प्रयोगशाळेचं उत्तर आलं. ‘साधी सूज. तुकडा फार वरवरचा आहे. शंका असल्यास पुन्हा घ्यावा.’

डॉक्टरांनी काकूंना बोलावलं, पण वेगळंच सांगायला. “काही नाही हो काकू, दोरा दातांनी तोडता ना, त्यानेच झालंय. कात्री वापरत जा.”

“पुन्हा तपासायला नको ना?” सोबत आलेल्या त्यांच्या लेकीने विचारलं.

“गरज नाही.”

काकूंचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर तेव्हा एका व्याख्यानासाठी आकडे जमवत होते. नजरेने केलेलं निदान आणि तुकड्याचं निदान किती वेळा जुळतं, याचे. त्या दुपारी दार लोटून त्यांनी मला फाइलमधून काढलं. माझ्या ओळीवर पांढरा रंग फासला, फुंकर घालून वाळवला आणि वर लिहिलं, ‘साधी जखम’. ज्या हाताने मला खरं बोलायला लावलं, त्याच हाताने माझ्या तोंडात बोळा कोंबला. मी ‘जुळले’च्या रकान्यात गेलो.

आठ महिन्यांनी काकू आल्या त्या मानेला गाठ घेऊन. घास गिळवत नव्हता.

“डॉक्टर, तेव्हा तुम्हाला थोडीसुद्धा शंका आली नव्हती?” लेक म्हणाली.

मी टेबलावर उघडाच होतो. डॉक्टरांनी माझ्यावर तळहात ठेवला.

“नाही. तसं काही दिसलंच नव्हतं.”

“असू दे गं,” काकू जड जिभेने म्हणाल्या. “त्यांना तरी कुठून कळणार?”

मोठ्या रुग्णालयात जाताना फाइल लेकीच्या हाती आली. काकूंची अर्धी जीभ काढावी लागली. आता त्या लिहूनच बोलतात. कुणी नातेवाईक डॉक्टरांना बोल लावू लागलं, की लेक मला काढून दाखवते. “हे बघा, सुरुवातीला साधंच होतं.” मग नीट घडी घालून परत ठेवते.

मुली, इतकं जपू नकोस मला. मी खोटं बोलतोय.