एकवीस दिवसांची गोळी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. पत्र्याचं, एका मशीनचं. मागच्या वर्षी पाळी आली की दहा-दहा, बारा-बारा दिवस जायचीच नाही. स्टुलावर गोधडीची घडी, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर जुन्या साडीचं फडकं आणि अंगात कायम काळी नाहीतर मरून साडी. मशीन मारता मारता डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा तर नवरीच्या ब्लाऊजची बाही मी उलटी जोडली. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुखण्यापेक्षा त्या बाहीचाच मला जास्त राग आला.

सासूबाईंना, म्हणजे आसराबाईंना, मी आत्या म्हणते. त्यांचं एकच पालुपद होतं, पिशवी काढून टाक. त्यांची स्वतःची एकोणतिसाव्या वर्षी काढलेली. मी मेले का, असं त्या विचारायच्या, आणि यावर सुनेनं काय बोलायचं? मालकांनीही जालन्याला एका खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला नीट तपासलंसुद्धा नाही. दोन लेकरं झालीत ना, मग कशाला ठेवायची, म्हणाले. मला ठेवायची होती. आणखी लेकरं नको होती, पण माझ्या अंगातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे लेकरं मोजून कुणीतरी ठरवावं हे मला पटत नव्हतं. शिवाय माझी थोरली बहीण तिशीत ऑपरेशन करून आली ती पुन्हा कापूस वेचायला नीट वाकलीच नाही. मला तर भीतीच बसली होती.

म्हणून मी एकटी उठून अंबडच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. गाठबिठ काही नाही, पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालंय, हार्मोन बिघडलेत, आणि रक्त साडेसातवर आलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. पाळीच्या पाचव्या दिवसापासून दिवसातून तीन वेळा एकेक गोळी, एकवीस दिवस. मग थांबायचं, पाळी येऊ द्यायची, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. असे तीन महिने, आणि सोबत रक्तवाढीच्या गोळ्या. मी मान डोलावत सगळं ऐकलं. डोक्यात पक्कं बसलं ते एवढंच, की पाकिटं संपेपर्यंत घ्यायची.

बाहेर येऊन पाकीट बघितलं तर मला हसूच आलं. ही गोळी आमच्याकडं कोण ओळखत नाही? लग्न असो, वास्तुशांत असो, बाई मेडिकलवर जाऊन हळूच मागते, पुढं ढकलायची गोळी द्या. देवाचं कार्य आटपेपर्यंत घ्यायची आणि सोडून द्यायची. हिनं दुखणं बरं होतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी पाकिटं भिंतीतल्या देवळीत, बिरोबाच्या भंडाऱ्याच्या डबीशेजारी ठेवली. गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. मी ट्रंकेतली पिस्ता रंगाची साडी काढून नेसले आणि दिवसभर मुद्दाम दुकानाच्या दारात उभी राहिले. तेरा दिवसांत पाकिटं संपली. एकवीस म्हणाल्या होत्या, हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण सुटलो बाई लवकर, असं वाटलं, आणि मी गप्प बसले. दोन दिवसांनी पुन्हा सुरू झालं ते आधीपेक्षा जास्त. नऊ दिवस मी दुकान उघडलं नाही.

आत्यांना तेवढंच पाहिजे होतं. मालकांनी जालन्याला फोन लावला आणि पुढच्या बुधवारची तारीख घेतली. मी म्हणाले, एकदा अंबडच्या बाईंना सांगून तरी येऊ द्या. आत्या म्हणाल्या, मीच येते, तोंडावर विचारते तिला. त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि जीपमध्ये माझ्या आधी जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या एकवीस दिवस घेतल्या का? मी म्हणाले, तेरा दिवसांत संपल्या. त्यांनी कागद बघितला. त्रेसष्ट दिल्या होत्या, तेरा दिवसांत कशा संपतील? मी काही बोलायच्या आत आत्यांचा पट्टा सुरू झाला.

"बाई, आमाला येडं समजू नका. ही गोळी कशाची हाय ते मला बराबर म्हाइती हाय. ही पुढं ढकलायची. मार्गशीर्षातले गुरवार चालू व्हते, गल्लीतल्या तीन बाया मागाया आल्त्या, मी आठ-आठ देऊन टाकल्या. देवाच्या कामाला न्हाई कसं म्हणावं?"

मला हे तेव्हाच कळलं. डॉक्टरीणबाई चिडतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्ची ओढून आत्यांच्या समोर बसल्या. गोळी तीच आहे, म्हणाल्या, पण तिकडं चार दिवस पुढं ढकलायला घेतात, आणि इथं ती पिशवीच्या अस्तराला वळण लावते. वळण लागायला तेवढे दिवस जावे लागतात. मधेच बंद केली तर ते अस्तर एकदम सुटतं, तसंच हिचं झालं. आणि अशी कुणालाही देऊ नका, एखाद्या बाईला त्यानं पायात नाहीतर छातीत रक्ताची गुठळी होऊ शकते. मग पुन्हा पहिल्यापासून तीन महिने लिहून दिले. तिसऱ्या महिन्याची पाळी आपल्या वेळेला आली आणि साधी गेली तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, त्या पाळीवरच मी ठरवणार, असं त्यांनी आम्हा दोघींना बजावलं.

परतीच्या जीपमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला खरं तर भांडायचं होतं, नऊ दिवसांचा सगळा हिशोब जिभेवर होता. अर्धा रस्ता सरला तशा त्या एकदम बोलल्या.

"माझी काढली तवा मला कुणी इचारलं न्हाई गं. आधी गोळी घेऊन बघती का, असं कुणीच म्हणलं न्हाई."

माझं भांडण तिथंच जिरलं. घरी गेल्यावर आत्यांनी स्वतः मालकांना सांगून बुधवारची तारीख रद्द करायला लावली.

त्या दिवसापासून गोळ्या देवळीतून निघाल्या आणि आत्यांच्या पानाच्या चंचीत गेल्या. सकाळी चहाबरोबर एक. दुपारी पैठणची बस गेली की आत्या तांब्या घेऊन दुकानाच्या दारात हजर, गिऱ्हाईक असो नसो. मी गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायचं. गिऱ्हाइकांसमोर मला लाज वाटायची, पण तोंड उघडत होते. संध्याकाळी दिवा लावला की तिसरी. शेजारच्या कांताबाई वास्तुशांतीसाठी दोनच गोळ्या मागायला आल्या, तर आत्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "ते औषध हाय, परसाद न्हाई," असं म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात पाळी सहा दिवसांवर आली. रक्त साडेनऊ झालं. मी पुन्हा उजळ साड्या नेसायला लागले आणि एकाही ब्लाऊजची बाही चुकली नाही.

तिसऱ्या महिन्याची शेवटची गोळी शुक्रवारी होती. आणि मंगळवारी वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा. नैवेद्याचा मान पाच घरांत फिरतो, म्हणजे पाच वर्षांनी एकदा घरात येतो, आणि त्या वर्षी तो आमच्या घरात होता. पहिल्या पुरणपोळीपासून सगळं घरच्या सुनेच्या हातचं लागतं. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येणार, म्हणजे नेमकी जत्रेत. कांताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अजून चार दिवस गोळ्या चालू ठेव, हाय काय त्यात? खरं सांगते, माझाही मोह सुटत नव्हता. नव्या सुनेसारखी मी त्या मानाची वाट बघत होते. चार दिवसांनी काय बिघडणार, असं मीच मनाला समजावत होते.

शनिवारी सकाळी मी आत्यांना चंची मागितली; दर महिन्याच्या पुऱ्या पाकिटांतल्या काही गोळ्या तीत उरल्या होत्या. त्यांनी ती कमरेला आणखी आत खोचली.

"डॉक्टरीणबाईनं एकवीस म्हणलं, मंग एकवीसच. ती ह्याच पाळीवर ठरवणार हाय. देवाला म्या सांगते काय सांगायचं ते."

सोमवारी पाळी आली. मी पडवीत बसून राहिले, आमच्या घरात अजून तसंच असतं. आतून पुरण वाटल्याचा आवाज येत होता. सहासष्ट वर्षांची बाई पाट्यावर एकटी बसली होती, मधेच कंबर धरून थांबत होती, आणि मला हातही लावता येत नव्हता. मी कपड्याकडं बघितलं. साधी, पोरीबाळींना येते तशी. मंगळवारी तशीच, आणि मी मनातल्या मनात त्या अंबडच्या पोरवयाच्या बाईंना हात जोडले.

ढोल थांबले तशा आत्या देवळातून आल्या. कपाळ पिवळं, लुगड्यावर भंडारा, आणि हाताच्या मुठीत चिमूटभर राखून आणलेला. माझ्याजवळ वाकल्या तशी मी मागं सरकले. म्हणाले, आत्या, मी बाहेरची आहे. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि भंडारा कपाळभर लावला.

"देवाला सांगून आले, माझ्या सुनेची पिशवी तिच्या जाग्यावर हाय."

मला रडू कोसळलं. त्या बाईंचे उपकार, गोळीचे उपकार, बिरोबाचे आणि या बाईचे, कुणाचे किती ते मला सांगता येणार नाही. मी तशीच, त्या अवस्थेत, खाली वाकून आत्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.