पथ्यांची यादी

वीरा लेहतोने संगणकाच्या पडद्यावरच्या कोडच्या एका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि ती ओळ कोणी, कधी लिहिली ते उघडून पाहिलं. तिचंच नाव होतं. नऊ वर्षांपूर्वीचं.

तिने पेन्सिल हळूच खाली ठेवली.

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या तीनशे बारा म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या संस्थेचा कारभार वीराने लिहिलेल्या वेबसाइटवर चाले. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात डब्यांच्या चिठ्ठ्या छापल्या, तर प्रत्येक चिठ्ठीवर सगळ्यांची पथ्यं. मीठ नको, दूध नको, मासे नकोत, अंडी नकोत, गहू नको.

"मग वाढू काय? गरम पाणी?" स्वयंपाकीण इव्हॉन फोनवर कडाडली होती.

हाताने चिठ्ठ्या लिहून डबे निघायला दोन वाजले. मधुमेहाच्या मिसेस हॅलोरन वाट पाहता पाहता चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं.

आदल्याच दिवशी डेस्मंड फोर्टिएने कोडची साफसफाई केली होती. त्याला कामाला लागून चार महिने झाले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. वीराने त्याचा बदल मागे घेतला, सगळं पूर्ववत झालं, आणि चूक त्याची असं सर्वांनी धरून टाकलं. तिनेसुद्धा. मुळाशी ती गेली ती आज, गुरुवारी, अहवाल लिहायला बसली तेव्हा.

वेबसाइट ज्या संगणकी भाषेत लिहिली होती, तिच्यात आधी एक नमुना करून ठेवता येतो आणि प्रत्येक माणसाची नवी नोंद त्याला जोडता येते. नोंदीजवळ स्वतःचं काही नसलं, की ती नमुन्याजवळचं वापरते. वीराने पथ्यांची रिकामी यादी त्या नमुन्यावरच ठेवली होती. म्हणजे सगळ्यांत मिळून एकच यादी. एकाचं पथ्य लिहिलं की ते सगळ्यांचं. तेव्हा चाचणीत हे लक्षात आल्यावर तिने मूळ चूक तशीच ठेवून, खाली प्रत्येकाला वेगळी यादी देणारी एक ओळ चिकटवली. का, ते कुठेही लिहिलं नाही. पुढे ती स्वतःच विसरली. डेस्मंडला ती ओळ उगाच दुसऱ्यांदा लिहिलेली वाटली, त्याने काढली. कोणीही काढली असती.

दारात संचालिका कॅरल उभी होती.

"दोनपर्यंत अहवाल दे गं. आणि नाव लिही. संचालक मंडळाला चूक कोणाची ते नाव हवंय."

"कोणाचं?"

"आता हे काय विचारणं झालं?" म्हणून ती गेली.

डेस्मंड चहाच्या खोलीत कप विसळत होता.

"ती यादी नमुन्यावर होती," वीरा म्हणाली.

"हो. मंगळवारी दुपारी बघितलं मी."

"मग त्या ओळीवर नाव कोणाचं आहे, तेही बघितलं असशील."

त्याने नळ बंद केला. "बघितलं."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

आवाजात टोमणा नव्हता. पावसाळी हवेबद्दल बोलावं तसं तो बोलला, कप पुसला आणि फळीवर ठेवला.  वीरा जागेवर परतली.

अहवाल अर्ध्या पानाचा झाला. नावाच्या रकान्यात तिने आपलं नाव लिहिलं आणि वर, आधी लिहिलेलं 'नव्या कर्मचाऱ्याकडून' पुसून टाकलं.

पाच मिनिटांत कॅरल कागद घेऊन आली.

"हे काय लिहिलंयस?"

"झालं ते. मिसेस हॅलोरनचा पत्ता दे मला."

"जाऊ नकोस. सकाळी मी फोन केला तर त्यांनी मधेच आपटून ठेवला. तुझ्याशीही बोलायच्या नाहीत."

"नाही बोलल्या तर नाही," वीरा म्हणाली आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकली.