अण्णांसमोर पेडल निवडताना

माझ्या ड्रमचं पेडल ऐन तालमीत मोडलं. पायानं दाबलं की मोठ्या ड्रमवर ठोका देतं ते. रविवारी छावणी भागात माझा कार्यक्रम होता, म्हणून औरंगपुऱ्यात इब्राहीमभाईंच्या दुकानात एकटीच जाऊन नवं आणणार होते. पण अण्णांनाही तिथंच ढोलकीच्या तोंडावरची काळी शाई भरून घ्यायची होती. निघालो मग एकाच स्कूटीवर बाप, लेक आणि ढोलकी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं भजनात ढोलकी वाजवतात. ढोलकीला चुकून पाय लागला तर तिला हात लावून कपाळाला लावायचा, हा आमच्या घरचा नियम. आणि मी तर पायानंच वाजवते. सात वर्षांत अण्णा माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांना हटकून काहीतरी काम निघायचं. त्यांनी एकदा तरी समोर बसून ऐकावं असं मला फार वाटायचं. पण नाकावरचा राग मी त्यांच्याकडूनच घेतलाय, त्यामुळे तोंडानं कधी म्हटलं नाही.

इब्राहीमभाईंनी दुकानातल्या मोठ्या ड्रमपुढं तीन पेडलं मांडली. पहिलं मला जड वाटलं. दुसरं इतकं हलकं की ते पुढं आणि पाय मागं. तिसऱ्याची साखळी कुरकुरत होती, निदान मला तसं वाटलं. मी पुन्हा पहिल्यावर आले, पुन्हा तोंड वाकडं केलं. दाराशी स्टुलावर बसलेले अण्णा माझ्या प्रत्येक ठोक्याला गुपचूप हात कपाळाला लावत होते. माझ्या वाटचा नमस्कार तेच उरकत होते.

"बेटी, तिन्ही अच्छे हैं. आरामसे बघा," इब्राहीमभाई म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," अण्णा म्हणाले.

"मग तुम्हीच निवडा," मी फणकारले.

"बूट काढ आधी."

"दुकानात?"

"बूट काढून वाजवती ना तू? मग पेडल बुटात कशाला बघायलीस?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लाज वाटली, पण बूट काढले, मोजेही काढले. उघडा पाय पहिल्या पेडलवर ठेवला. मघाशी जड वाटलेलं तेच पेडल आता पाय उचलला की बरोबर उठत होतं. चार ठोके दिले, आठ दिले. दुकानातली काचेची दारं थरथरली.

"हेच द्या," मी म्हणाले.

इब्राहीमभाई खोकं शोधायला आत गेले. मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तशीच थांबले. ड्रम तालमीच्या हॉलवर असतो. घरी मी उशीवर नुसत्या काड्या आपटते.

"अण्णा, मी बूट काढून वाजवते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अण्णा ढोलकीची दोरी चाचपत राहिले. "कुणी कशाला सांगायला पाहिजे? मागच्या साली छावणीत फाटकापाशी उभा व्हतो. त्याच्या आधी बी आलतो, लई डाव. बसायच्या आधी तू बूट काढले, ड्रमला हात लावून कपाळाला लावला. म्हणलं, वाजवू दे पायानं. लेकीला रीत ठावं हाय."

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी राग पण आला. सात वर्षं मी मनातल्या मनात या माणसाशी भांडत होते.

"मग पुढं येऊन बसायला काय झालं होतं?"

"तू बोलावलंस कवा?"

इब्राहीमभाई खोकं घेऊन आले. अण्णांनी पेडल स्वतःच्या हातानं आत ठेवलं आणि हात कपाळाला लावला.

"रविवारी या, अण्णा," मी म्हणाले. "पहिल्या रांगेत."

"येतो की," अण्णा म्हणाले. "रविवारी मला काई काम नाय."