गाडीच्या काचेवरची पाटी

"हॅरलन पिट्सला काही लिहून पाठवू नकोस," सासूबाई बटाटे सोलता सोलता म्हणाल्या होत्या. "त्याला रोज एक तास भरायचा असतो. रोज नवीन कुठून आणणार तो?"

ब्रिटाने हसून सोडून दिलं. सासूबाईंना संशय कोणाचाही यायचा, पोस्टमनचासुद्धा.

नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात सकाळी सात ते आठ रेडिओवर हॅरलनचाच आवाज घुमायचा. ब्रिटाची अंडी तव्यावर पडायची तेव्हा तो वॉशिंग्टनची सालटी काढत असायचा. मग देशाची सीमा, मग विद्यापीठं, आणि शुक्रवारी शाळा. पोर एकदा सरकारच्या हवाली केलं की परत मागायला जाऊ नका, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ब्रिटाला ते पटायचं. आपल्या माणसांची, आपल्या श्रद्धेची टिंगल कशी होते, हे तिने कॉलेजात चार वर्षं वर्गात बसून ऐकलं होतं. म्हणून आपल्या मुलाला, टेटला, ती घरीच शिकवायची, चर्चमधल्या आणखी सहा आयांच्या सोबतीने.

पण टेटला सहावं सरलं तरी शब्द त्याच्या ओठांवर अडायचा. पाणी मागता मागता त्याच्याच डोळ्यांत पाणी यायचं. उच्चार शिकवणारी बाई सगळ्या काउंटीत एक, आणि तीही सरकारी शाळेत. ब्रिटाने हॅरलनला खासगी पत्र लिहिलं. तुमच्या एवढ्या ओळखी, उच्चार शिकवणारं आपल्यातलं कोणी आहे का? नाहीतर त्याला सरकारी शाळेतच घालावं लागेल.

पत्र शुक्रवारी रेडिओवर वाचलं गेलं, रडका आवाज काढून. आईचं नाव त्याने घेतलं नाही. एवढंच म्हणाला, नवरा धान्याच्या कोठारावर कामाला, पोराचं नाव ट वरून. मग अडखळत ट, ट, ट करूनही दाखवलं. जाहिराती संपायच्या आत ब्रिटाला दोन फोन आले. रविवारी त्या आयांपैकी एकीने गोड आवाजात सुचवलं की तुझी श्रद्धा जरा थकली आहे, थोडे दिवस आपल्या मुलांना शिकवायला नको येऊस.

टेटने विचारलं, ते रेडिओवाले आजोबा माझ्यासारखंच बोलतात का? याचं उत्तर हॅरलनकडूनच घ्यायचं, असं ब्रिटाने त्या क्षणी ठरवलं.

सप्टेंबरात तिने टेटला सरकारी शाळेत घातलं. दुपारी पालकांच्या गाड्यांची रांग लागायची. काचेवर मुलाच्या नावाची पाटी नसेल तर बाई मूल सोडत नसत. ब्रिटा प्रत्येक पाटी वाचायची. कोण कोणाला नेतं हे आईला ठाऊक असावं. तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या रांगेत एक निळी गाडी उभी होती. आत टोपी भुवयांपर्यंत ओढलेला हॅरलन. पाटीवर लिहिलं होतं: हॅडली, पहिली, उच्चारवर्ग.

ब्रिटा फोन उचलून आपल्या गाडीतून खाली उतरली. त्याने काच उतरवली.

"फोन खाली ठेव, पोरी." रेडिओवर कधीच नसायचा इतका हळू आवाज. "नात आहे माझी. सहा वर्षांची आहे."

"माझाही सहाचाच आहे."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"मीही नाही घेणार," ती म्हणाली, आणि फोटो काढला.

काउंटीच्या साप्ताहिकाच्या संपादकाने तिला दर गुरुवारी अर्ध्या पानाचं सदर दिलं. पहिल्याच सदरात तो फोटो छापला, पाटीवरचं हॅडलीचं नाव तिने काळ्या पट्टीने झाकलं. पहिलं अक्षर तेवढं राहू दिलं. खाली लिहिलं: 'सरकारी शाळा मला आजही आवडत नाही. पण आपल्यातल्या आईला जे पाप, ते आपल्यातल्या आजोबांना पुण्य कसं?' पुढच्या सोमवारी सात वाजता हॅरलनच्या जागी मक्याचे भाव लागले. ब्रिटाने आवाज वाढवला. मक्याचे भाव तिला कधी इतके गोड लागले नव्हते.

मग कळलं, हॅडलीला पोरं छळत होती. तिच्या आईने तिला घेऊन लिंकन गाठलं. हॅरलननेच सुरू केलं होतं, असं म्हणून ब्रिटाने ती बातमी झटकून टाकली.

टेटला शाळेतून आणायचा नऊ नंबरचा रस्ता हॅरलनच्या घरावरून जायचा. टपालपेटी कागदांनी फुगली होती, ओसरीवरचा दिवा भर दुपारी जळत होता. एकदा ती फाटकापर्यंत गेली. पडदा हलला, पण दार उघडलं नाही. त्यानंतर चार दिवस पडदाही हलला नाही. शेरीफला कळवलं, तर तो म्हणाला, रुसलाय म्हातारा, भूक लागली की येईल बाहेर.

त्या गुरुवारी तिच्या सदरात राजकारण नव्हतं. एवढंच होतं:

'हॅरलन पिट्सला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुमच्यापैकी कोणी नऊ नंबरच्या रस्त्याने जात असेल, तर आजच थांबा. मागच्या दाराने जा. जोरात हाक मारा, आणि तो बोलेपर्यंत हलू नका. माझं नाव सांगू नका.'