तारेच्या टोपणाची बाटली

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. तपकिरी काचेची, चिनीमातीच्या पांढऱ्या टोपणाची. माझं टोपण कधी हरवत नाही, कारण ते तारेनं माझ्या गळ्याशीच बांधलेलं आहे. त्याच्याखाली लाल रबराची चकती असते. तार दाबली की आतला वारासुद्धा बाहेर जात नाही.

भट्टीतलं बालपण मला स्वप्नासारखं आठवतं. मी लालभडक आणि मऊ होते. एक फुंकर आली नि मला पोट आलं. पुढं फिरत फिरत मी छत्रपती संभाजीनगरला इंद्रजीतच्या घरी आले. तो हौसेनं घरीच जवाची बिअर करायचा. ते मोठ्यांचं पेय, मित्रांनो. तुम्ही त्याच्याकडून घ्यायची ती फक्त स्वच्छता. दर वेळी तो मला ब्रशनं घासायचा, कढत पाण्यानं धुवायचा, चकती बदलायचा. मग अंधाऱ्या कपाटात मी भरल्या पोटी झोपायचे. आत बारीक बुडबुडे वर चढत राहायचे, जणू लांबच्या देवळात कुणी हलक्या हातानं टाळ वाजवतंय.

एके दिवशी त्याची आई द्वारकाबाई गंगापूरहून कायमची राहायला आली. गळ्यात तुळशीची माळ, कीर्तनाचं भारी वेड.

"काय रे पितोस?" तिनं विचारलं.

"जवाचं पाणी, आई. मुतखड्याला चांगलं असतंय."

त्यानं घाईघाईनं मला रिकामं केलं आणि न धुताच माळ्यावर टाकलं. धुळीत पडून मी रोज संध्याकाळी तिचा हरिपाठ ऐकायचे.

मग गल्लीतल्या देवळात सप्ताह बसला. कीर्तनकार बुवांच्या घशासाठी रोज एका घरून सुंठ-गुळाचं पाणी जायचं. काल्याच्या आदल्या दिवसाचा मान द्वारकाबाईला मिळाला. नव्या गल्लीतला पहिलाच मान! तिनं मला शोधून काढलं.

"लई झ्याक बाटली! सांडायची भीती नाय," म्हणत तिनं मला गार पाण्यानं विसळलं. सुंठपाणी मुरावं म्हणून दोन दिवस आधीच उकळलं, आणि माझी काच तडकू नये म्हणून चांगलं निववून भरलं. तिथंच घात झाला. माझ्या तळाशी बिअरचा गाळ, म्हणजे फेस आणणारं जिवंत खमीर, चिकटलेला होता. कढत पाण्यानं तो मेला असता; कोमट गूळपाणी मिळताच जागा झाला.

माझं पोट तटतटू लागलं. मी फुटले तर काच तिलाच लागणार, आणि मला तर बोलता येईना! ती मला उराशी धरून देवळाकडं निघाली. देवा, हिच्या हातातून खाली उतरेपर्यंत मला धरून ठेव, एवढंच मी विनवत राहिले.

बुवांनी तार उचलली मात्र, फटाक! फेस थेट त्यांच्या फेट्यावर. टाळ थांबले. मृदंगावरचे अप्पाराव वास घेऊन म्हणाले, "बुवा, हे घशासाठी हाय का डोक्यासाठी?" सगळा मांडव हसला. द्वारकाबाईची मान खाली गेली.

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्या तळाचा गाळ निरखला. "हसू नका. माउलीनं बाटली वरून धुतली, तळ तसाच राहिला. आपण तरी काय करतो? न्हाऊन-धुऊन देवळात येतो. मनाचा तळ कधी खरवडलाय?" मग तिच्याकडं वळून म्हणाले, "माउली, काल्याचं पाणीही तुमच्याच घरचं. याच बाटलीत आणा."

घरी आल्यावर तिनं मला लेकासमोर ठेवलं. "हेच व्हय रे तुझं जवाचं पाणी?"

इंद्रजीत खाली बघत म्हणाला, "चुकलं, आई. फोडून टाकतो हिला."

"बाटलीनं काय केलं रं? तू घास. पाणी मी उकळते."

दोघांनी मिळून मला धुतलं. उजेडाकडं धरून तिनं माझा तळ निरखला, तेव्हा कुठं नवी चकती बसली. काल्याला बुवांनी तार उचलली, तेव्हा माझ्यातून आला तो फक्त सुंठीचा वास.

आता मी खिडकीत पालथी असते. मित्रांनो, जुनं भांडं फेकू नका, पण त्याचा तळ बघितल्याशिवाय भरूही नका. आणि मला रिकामी ठेवाल तेव्हा टोपण उघडं ठेवा. संध्याकाळचा हरिपाठ आत येऊ द्या.